पाणी मंडळातली आमच्या शहराची खुर्ची

मला कुणी निवडलं नव्हतं. दोन माणसांना एकमेकं नको होती आणि मी मधे बसले होते, एवढंच झालं.

आमचं शहर हरियाणात, मानेसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. निम्म्या भागात सेक्टर आणि टॉवर, निम्म्या भागात जुनी गावं. ती गावं आता शहराच्या पोटात गेली आहेत, पण तिथली माणसं अजून ‘हमारा गांव’ असंच म्हणतात. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे आमची बरीच वर्षं दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. निवृत्ती जवळ आली तसा आम्ही इथे फ्लॅट घेतला. मी सिव्हिल इंजिनियर. एका सल्लागार कंपनीत पाइपलाइनची कामं बघायचे. पुढे साइटवर चढउतार जमेना, तेव्हा नोकरी सोडली आणि सोसायटीच्या कमिटीत पाण्याच्या टाक्या आणि मोटारी बघायला लागले. शहरभर मी ‘इंजिनियर मॅडम’ झाले ती अशी.

आमच्या भागात कालव्याचं पाणी येतं. ते कुठल्या शहराला किती, कारखान्यांना किती, शेतीला किती, हे एक प्रादेशिक पाणी मंडळ ठरवतं. त्यावर प्रत्येक शहराचा एक नागरिक प्रतिनिधी असतो. आमची जागा बरेच दिवस रिकामी होती. शेवटी महापालिकेनं कॉलन्यांच्या संघटना आणि गावांचे पंच यांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं, एकमतानं एक नाव द्या.

बैठक कम्युनिटी हॉलमध्ये होती. कॉलन्यांच्या बाजूनं नाव आलं एका निवृत्त कर्नलचं. ते आमच्याच सेक्टरचे, शिस्तीचे, बोलायला लागले की समोरच्याला सावधान उभं राहावंसं वाटावं असे. गावांच्या बाजूनं नाव आलं एका माजी सरपंचाचं. उंच, पांढरा कुर्ता, आवाज असा की माइकची गरज नाही.

सरपंच म्हणाले, “टॉवर बाद में आए. पानी पहले से हमारा था.”

कर्नल म्हणाले, “पानी सबका है. और बिल हम भरते हैं.”

मग एकच गोंधळ. कुणी जुन्या जमिनींचं काढलं, कुणी टँकरचं. महापालिकेचा अधिकारी मोबाइलमध्ये बघत बसला होता. त्याला जेवणाच्या आत मोकळं व्हायचं होतं हे दिसत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “इंजिनियर मॅडम को भेज दो. महाराष्ट्र की हैं. ना इधर की, ना उधर की.”

कर्नलनी माझ्याकडे पाहिलं, सरपंचांनीही पाहिलं. ही बाई आपलं काही बिघडवेल का, एवढंच ते दोघं मोजत होते. दोघांचंही उत्तर एकच आलं असावं, कारण दोघांनी एकदमच मान हलवली. अधिकाऱ्यानं विचारलं, “मॅडम, कोई ऐतराज?”

मी म्हटलं, नाही. टाळ्या वाजल्या. त्या सुटकेच्या टाळ्या होत्या. लगेच समोसे फिरले.

हरकत नाही असं का म्हटलं, याचा मी नंतर बरेचदा विचार केला. खरं म्हणजे मला आतून बरं वाटलं होतं. मी मराठवाड्यातली. पाण्यावरचा हक्क ही आमच्या बौद्ध घरात अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेली गोष्ट. आजी सांगायची, गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. वरच्या कुणाला दया आली तर तो ओतणार. पुढे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक झाले, तेव्हा तिनं साखर वाटली होती. म्हणाली होती, पाणी सोडायची चावी आता आपल्या माणसाच्या हातात आली. त्या हॉलमध्ये क्षणभर मला तसंच काहीतरी वाटलं.

घरी येऊन सांगितलं तर यजमान म्हणाले, “म्हणजे तू त्यांची तडजोड आहेस.”

“हो.”

“माहीत असून हो म्हणालीस?”

“अहो, कुणीतरी जायलाच हवं ना.”

“आयुष्यभर मी अशाच कुणीतरींबरोबर मीटिंगा केल्या,” ते म्हणाले आणि पेपर वाचू लागले.

मंडळाची बैठक दिल्लीत होई. आमच्याकडून आधी रिक्षा, मग मेट्रो, मग मेट्रो बदलून पुन्हा रिक्षा. तिथे लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे माइक आणि शहराच्या नावाची पाटी. मोठी शहरं आणि खाती अध्यक्षांच्या जवळ. आमची पाटी पार शेवटी, दाराजवळ. कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात. टेलला पाणी पोचेपर्यंत वरच्यांचं पिऊन झालेलं असतं. त्या टेबलाचंही तसंच होतं. आमच्या शहराचा विषय यायच्या आत दुपार सरायची आणि अध्यक्ष म्हणायचे, “शेष विषय अगली बैठक में.” पुढच्या बैठकीत नवे विषय वर आलेले असायचे.

सुरुवातीला मी तयारी करून जायची. आमच्याकडे पाणी किती कमी दाबानं येतं, कालवा दुरुस्तीला बंद ठेवतात ते आधी कळवत नाहीत, असे साधे मुद्दे. हात वर केला की अध्यक्ष मान डोलवायचे, म्हणजे दिसलं, आता खाली घ्या. हळूहळू हात वर जाईनासा झाला. बिस्किटं चांगली असायची. शेजारी दुसऱ्या एका लहान शहराचे प्रतिनिधी बसायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांचे डोळे ऐकण्यासाठी मिटलेले नाहीत हे मला तिसऱ्या बैठकीत कळलं.

परतायचं त्राण नसलं की मी दिल्लीतच, मयूर विहारला मैत्रिणीकडे उतरायची. ती नांदेडची, बँकेत होती. ती भाकरी टाकायची आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची.

“तू तिथे नेमकं काय करतेस गं?” एकदा तिनं विचारलं.

“बसते.”

“आणि?”

“आणि उठते.”

ती हसली. मला हसू आलं नाही. पाठ दुखत होती.

अशातच एका सकाळी माजी सरपंच आमच्या घरी आले. सोबत ताकाची मोठी बाटली. सोफ्याच्या कडेला बसले, पाणी घेतलं आणि सरळच म्हणाले, “मॅडम, बुरा मत मानना. आपको हमने चुना नहीं था. आपसे हमको हराया गया था.”

मी म्हटलं, “मुझे मालूम है.”

ते जरा चमकले. त्यांची भांडायची तयारी होती, ती वाया गेली. मग त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या गावाचा जोहड, म्हणजे गावतळं, कोरडा पडून वर्षं झाली होती. पावसाळ्यात कालव्याला जास्तीचं पाणी येतं, ते पुढे नाल्यात सोडून देतात. ते पाणी जोहडात सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं. मंडळाची परवानगी लागते. त्यासाठीच त्यांना मंडळावर जायचं होतं. बाकी शहराच्या पाण्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं, हे त्यांनी लपवलंही नाही.

मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले. जोहड म्हणजे मोठा खड्डा उरला होता. तळाला वेडी बाभूळ, प्लॅस्टिक, एका कडेला बांधकामाचा राडारोडा. एका बाजूला जुन्या विटांच्या पायऱ्या होत्या, अजून धड. त्यांच्यावर पिंपळ. आणि लांब, पार पलीकडच्या कोपऱ्यात, दगड टाकून केलेली एक उतरण दिसत होती, अर्धी मातीत गेलेली.

“वो क्या है?” मी विचारलं.

सरपंचांनी कुर्त्याची बाही सारखी केली. मग म्हणाले, “उधर दूसरा घाट था. उन लोगों का.”

‘उन लोगों का’ म्हणजे कुणाचं, हे मी विचारलं नाही. मला विचारायची गरज नव्हती. पायऱ्या वाऱ्याच्या बाजूला होत्या. तिथे पाणी स्वच्छ राहत असणार. सगळा गाळ, पाला, गुरांची घाण वाऱ्याबरोबर वाहत त्या दगडी उतरणीला लागत असणार. इंजिनियर म्हणून मला ते दिसत होतं, आणि इंजिनियर नसते तरी दिसलं असतं.

मी म्हटलं, “दो घाट का तालाब भरवाने मैं नहीं जाऊंगी.”

“मॅडम, वो पुराने जमाने की बात है.”

“तो फिर आसान होना चाहिए. एक ही रखिए.”

त्यांचा चेहरा बंद झाला. त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं, हात जोडले आणि मागे वळले. मी रिक्षात बसले. राग आला होता, पण तो नवा नव्हता. तोच तो जुना, घरातून मिळालेला, वापरून वापरून मऊ झालेला राग. त्याचाही कंटाळा येतो कधीकधी. आपण कुठेही जावं, आणि तिथे कोपऱ्यात आपल्यासाठी एक उतरण आधीच करून ठेवलेली असावी.

यजमानांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “सोडून दे. तसंही मंडळ ऐकणार नाहीच.”

“म्हणूनच सोडवत नाही,” मी म्हटलं. त्याचा अर्थ मलाही नीट लागला नाही.

काही आठवडे गेले. सरपंच पुन्हा आले, या वेळी ताक नव्हतं. म्हणाले, पंचांना बसवून बोललो. मी वाट बघत राहिले. मला वाटलं, आता काही मोठं बोलतील, जमाना बदलला वगैरे. ते म्हणाले, “मॅडम, झगड़ा ही खत्म. उस कोने से सेक्टर की सड़क निकल रही है, दीवार भी बनेगी. अब रास्ता एक ही बचेगा, पीपल वाला. जिसको उतरना है, वहीं से उतरेगा.”

“और पंच मान गए?”

“मानना क्या है? दीवार किसी से पूछ के थोड़े ही बनती है.”

मला हसू फुटलं. तेही हसले, जरा ओशाळून. कुणाचं मन बदललं नव्हतं. भिंत मधे आली होती. मी मात्र त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की पायऱ्यांवर कुणाला अडवलं जाणार नाही, आणि तसं त्यांनी दुसऱ्या घाटवाल्यांच्या वस्तीत जाऊन माझ्यादेखत सांगायचं. ते आले. वस्तीतल्या बायका दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “पानी तो ला पहले.”

पुढच्या बैठकीत मी हात वर केला आणि अध्यक्षांनी मान डोलवल्यावरही तो खाली घेतला नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. शेजारच्यांनी डोळे उघडले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “बोलिए, बोलिए.”

मी उभी राहून बोलले. जास्तीचं पाणी आहे, ते वाया जातं, तळं आहे, कालव्यापासून तळ्यापर्यंतची चारी साफ केली तर पाणी आपल्या उतारानं जाईल, पंप लागणार नाही.

अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, ये पानी का विषय है या तालाब का? तालाब हमारे पास नहीं आते.”

टेबलावर हशा पिकला. मी माइक जवळ ओढला. मग म्हटलं, “सर, जमीन के नीचे जाएगा तो भूजल का विषय है. वो आपके पास आता है.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या खोलीत ताटं लावल्याचा आवाज येत होता. पाणी भरण्याला त्यांनी भूजल पुनर्भरण म्हटलं, कुणाचा विरोध आहे का विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत ते मंजूर झालं. इतक्या दिवसांच्या माझ्या बसण्याचं फळ मिळालं ते लोकांना भूक लागली होती म्हणून.

त्या पावसाळ्यात पाणी आलं. पूर्ण नाही, अर्धंअधिक. मी बघायला गेले तेव्हा पिंपळाखालच्या पायऱ्यांवर गावातल्या आणि वस्तीतल्या बायका होत्या. एकमेकींपासून थोडं अंतर ठेवून, पण त्याच पायऱ्यांवर. वस्तीतली ती म्हातारी सगळ्यात खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. मला बघून तिनं ओळख दाखवली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. म्हशी पाण्यात शिरल्या होत्या आणि कुणाची म्हैस कुणाची हे विचारत नव्हत्या.

मग डास झाले. जोहडाच्या भिंतीला लागून आमच्याच सेक्टरचे दोन टॉवर होते. सोसायट्यांच्या ग्रुपवर संदेश सुरू झाले. तळ्यामुळे डेंग्यू येणार, वास येतो, म्हशी रस्त्यावर येतात. कर्नलनी महापालिकेत तक्रार दिली. लिफ्टमध्ये बायका मला बघून बोलणं थांबवू लागल्या. एकीनं तोंडावर विचारलं, “आप हमारी रिप्रेझेंटेटिव्ह हैं या उनकी?”

मी म्हटलं, “शहर की.”

“वो तो ठीक है,” ती म्हणाली, “पर हमारी या उनकी?”

मुलगी सुट्टीला आली होती. तिची सगळी शाळा दिल्लीत झाली, मराठी कळतं पण अवघड शब्द सुटतात. तिला मी म्हटलं, मला आता वैताग आलाय. ती म्हणाली, “आई, वैताग म्हणजे थकान की गुस्सा?” मी विचार केला आणि म्हटलं, “दोन्ही. पण थकवा जास्त.”

माझी मुदत संपत आली तशी पुन्हा बैठक लागली. तोच हॉल, अधिकारी मात्र नवा. नावं तीच दोन. या वेळी कर्नलच्या बाजूचे लोक चिडून आले होते. त्यांना जोहडाचं पाणी बंद करायचं होतं. वाद लांबला आणि पुन्हा मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम ही ठीक हैं.” अधिकाऱ्यानं आशेनं माझ्याकडे पाहिलं.

मी उठून म्हटलं की मला आता नको. मग हेही म्हटलं की माझं मत सरपंचांना आहे. त्यांना निदान कशासाठी जायचंय हे माहीत आहे. माझ्या सोसायटीची माणसं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी घरातली भांडी उचलून शेजारी नेऊन दिली. एकमत होईना, तेव्हा हात मोजले गेले. कॉलन्यांचे हात थोडे जास्त भरले. कर्नल निवडून आले.

सरपंच बाहेर भेटले. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “आपने नाम लिया, बहुत है. सच कहूं तो मैंने भी नहीं सोचा था कि आप मेरा नाम लोगी.” मग जिना उतरताना त्यांनी माझी पिशवी घेतली आणि खाली येईपर्यंत परत दिली नाही.

नंतरचे काही महिने मी खरोखर काही केलं नाही. मोटारींचं कामही दुसऱ्यावर सोपवलं. एक दिवस कर्नल बागेत भेटले. माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी, पण त्या दिवशी स्वतःच बाकावर येऊन बसले. जरा वाळल्यासारखे वाटले.

“मॅडम,” ते म्हणाले, “वहां तो कोई सुनता ही नहीं.”

“नहीं.”

“मैंने कहा, तालाब का पानी बंद करो. बोले, बंद करने के लिए नया निरीक्षण होगा. निरीक्षण वाला आज तक नहीं आया.” ते समोर बघत राहिले. “फौज में ऐसा नहीं था.”

मला त्यांची दया आली आणि ती आल्याचं आश्चर्यही वाटलं. मी त्यांना सांगितलं की हात वर केला की खाली घेऊ नका. आणि आमच्याकडे पाण्याचा दाब कमी आहे, ते एकदा बोला, डासांच्या आधी. आणि डासांसाठी पाणी बंद करायची गरज नाही, गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. त्यांनी मोबाइल काढून माशांचं नाव विचारलं. हिंदीत काय म्हणतात मला आठवेना. मी मराठीच सांगितलं. त्यांनी तसंच टिपून घेतलं, ‘गप्पी’, आणि उठले.

मासे सोडले की नाही ते मला ठाऊक नाही. निरीक्षणाला मात्र कुणी आलं नाही, आणि एकदा निघालेला आदेश रद्द करायला लागणारा त्रास कुणी घेतला नाही. पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी सरपंचांचा फोन आला. मागे बायकांचा आणि म्हशींचा आवाज.

“मॅडम, पानी आ गया!” ते ओरडून बोलत होते. “इस बार पूरा भर गया. मानना पड़ेगा आपके कर्नल को, आदमी जुबान का कड़वा है, पर पानी छुड़वा दिया.”

यजमान समोर बसले होते, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणजे, सांग की खरं काय ते.

मी फोनवर म्हटलं, “हां जी, अच्छे आदमी हैं. उनको एक बार बुला के दिखा दीजिए.”

“बुलाया है,” सरपंच म्हणाले. “कल आ रहे हैं.”

फोन ठेवला. यजमान म्हणाले, “का नाही सांगितलंस?”

मला खूप झोप येत होती. “अहो, जाऊ दे,” मी म्हटलं, आणि पडदा ओढून आडवी झाले.